हैबतीमामा डोंगरापलीकडे लग्नाला जातो

डोंगराच्या पायथ्याला भोरदरा नावाचं गाव होतं. गाव म्हटलं की त्यात एक तरी भोळा असतोच. भोरदऱ्यातला भोळा म्हणजे हैबती.

नाव ऐकून माणसं बिचकायची आणि माणूस बघून हसायची. अंगानं धिप्पाड, मिशा झुपकेदार, मन मात्र वासराचं. कुणी सांगितलेलं तो मोडायचा नाही. अडचण एवढीच, की सांगितलेलं तो अगदी जसंच्या तसं करायचा. शेजारी एकदा म्हणाला, "हैबती, जरा घराकडे बघ, मी आलोच." हैबती घराकडे बघत बसला. चोर आला, भांडी गोळा करून घेऊन गेला. हैबतीनं चोराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला घराकडे बघायला सांगितलं होतं.

त्याची बायको ठकू. ती मोठी शहाणी. गाव म्हणायचं, देवानं एका घराला द्यायची तेवढी अक्कल बरोबर दिली, फक्त वाटणी करताना त्याचा हात हलला.

हैबतीची धाकटी बहीण चांगुणा डोंगरापलीकडे सांडसवाडीला दिली होती. तिचा नवरा देवाघरी गेलेला. एकुलती एक मुलगी, हौसा. या हौसेचं लग्न ठरलं आणि घर मिळालं ते तुळाजी पाटलांचं. पाटील भला माणूस, पण रीतीभातीला कडक. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मुलीला मामानं हात धरून मांडवात आणलं पाहिजे. मामा नाही, तर लग्न नाही."

आणि हौसेला मामा एकच. हैबती.

निरोप आला तशी ठकू विचारात पडली. म्हैस व्यायला झालेली, तिला सोडून जाता येईना. गाडीवाटेनं नवऱ्याला एकट्याला पाठवावं, तर ती वाट अख्ख्या डोंगराला वळसा घालून जायची. तो पोचेपर्यंत हौसेच्या लेकराचं बारसं जेवायची वेळ यायची. म्हणजे डोंगर चढूनच जायला हवं. डोंगरावर गुरंशेरडं राखणाऱ्यांची गवताची खोपटं होती. त्यांना झाप म्हणत. एका झापापासून दुसरा झाप एका दिवसाच्या चालीवर. तीन झापांवर तीन मुक्काम केले की पलीकडे सांडसवाडी. दुसरा कुणी असता तर एवढं सांगून भागलं असतं. हैबतीला पाठवायचं तर नीट बेत आखायला हवा होता.

"अहो," ठकू म्हणाली, "आधी गावातल्या चार शहाण्या माणसांना वाट विचारून या."

हैबती गेला. पहिल्या माणसाला त्यानं विचारलं, "तुम्ही शहाणे आहात का?" तो माणूस हसत सुटला. दुसऱ्याला विचारलं, तो अंगावर धावून आला. तिसरा म्हणाला, "थांब, घरात विचारून येतो," आणि परत बाहेर आलाच नाही.

हैबती घरी आला. "ठके, गावात शहाणं माणूस सापडलं नाही."

ठकूला ते पटलं. तिनं स्वतःच वाट दाखवायची ठरवली. त्याला जेवायला बसवलं आणि ताटातच सगळा डोंगर मांडला.

"हा भाताचा ढीग म्हणजे डोंगर. ही कांद्याची फोड म्हणजे धाकू आजाचा झाप. हा चटणीचा गोळा, हा धुळाबाईचा झाप. आणि हा वरचा गुळाचा खडा, तो लुमाजीचा झाप. आलं ध्यानात?"

"आलं."

"नीट बघून ठेवा. मी म्हशीला पेंड घालून येते."

ठकू परत आली तर ताट लख्ख.

"आता सांगा, दुसरा मुक्काम कुठं?"

हैबतीनं पोटावर हात ठेवला. "इथं."

"आणि डोंगर?"

"डोंगर जरा जड गेला. पण संपवला."

ठकूनं रिकामं ताट उचललं. मग तिनं ठरवलं, याला जास्त सांगायचं नाही. जेवढं सांगावं तेवढं बिघडतं. "तीनच गोष्टी ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "वाट सोडायची नाही. भूक लागली की शिदोरी सोडायची. आणि पहिला मुक्काम धाकू आजाच्या झापावर करायचा. पुढची वाट आजा सांगेल."

"वाट सोडायची नाही, शिदोरी सोडायची, मुक्काम झापावर," हैबती म्हणाला. ठकूनं त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. सगळं बरोबर होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

सकाळी हैबती निघाला. नवं पागोटं, खांद्यावर शिदोरी, तोंडात तीन गोष्टी. चढाची वाट अरुंद होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी. समोरून एक रेडा आला.

रेडा थांबला. हैबतीही थांबला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मागून रेड्याचा मालक आला.

"बाजूला हो की गड्या."

"वाट सोडायची नाही," हैबती म्हणाला.

"अरे, रेडा आहे तो."

"दिसतोय."

"शिंगावर घेईल."

"घेऊ दे. पण वाट सोडायची नाही."

ऊन डोक्यावर आलं. मालक दमून दगडावर बसला. रेड्यानं हैबतीला हुंगलं, जरा विचार केला आणि जाळीतून अंग खरवडत बाजूनं निघून गेला. मालक नंतर गावात सांगत फिरत होता, दोघांत रेडा शहाणा निघाला.

पुढे एक कडा लागला. तिथं हैबतीला सणकून भूक लागली. शिदोरीत बाजरीच्या भाकरी होत्या, ठेचा होता, वर तिळाची पोळी. हैबतीनं शिदोरी दोन्ही हातांत धरली, कड्याच्या टोकाला गेला आणि सोडली.

शिदोरी दरीत गेली. एकदा खडकावर आपटली, मग झाडीत दिसेनाशी झाली. भूक होती तिथंच राहिली. हैबतीनं थोडी वाट पाहिली. ठकूनं सांगितलं होतं म्हणजे काहीतरी होणार, अशी त्याची खात्री होती. काहीच झालं नाही. तो पोटावर हात फिरवत पुढे चालू लागला.

दिवस मावळता मावळता धाकू आजाचा झाप आला. चांगला शेकारलेला, गवताचं छप्पर, बाहेर गाईवासरं बांधलेली. आत आजा चुलीवर नाचणीची पेज ढवळत होता. हैबतीनं झापाभोवती एक चक्कर मारली. मुक्काम झापावर. तो कुडाला पाय लावून वर चढला आणि छपराच्या मधोमध आडवा झाला.

छप्पर करकरलं. आजानं वर पाहिलं. तेवढ्यात हैबती खाली आला. बरोबर अर्धं छप्परही आलं. पेजेचं मडकं तेवढं वाचलं.

आजानं गवतात हात घालून मिशा असलेली बाजू शोधली. "कोण रे तू?"

"भोरदऱ्याचा हैबती. मुक्कामाला आलोय."

"मग वरून का आलास?"

"ठकूनं सांगितलं होतं, मुक्काम झापावर करायचा. मी वरच केला होता. झापानंच मला आत घेतलं."

आजानं कपाळाला हात लावला. पण माणूस मायाळू. त्यानं हैबतीला पोटभर पेज पाजली. सकाळी दोघांनी मिळून छप्पर शेकारलं. पुढची वाट दाखवून आजा म्हणाला, "हे बघ हैबती. कुणाच्या घरी वरून येत नाहीत. दारात उभं राहावं, हाक मारावी, आणि कुणी 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. समजलं?"

"समजलं. पुढच्या वेळी चुकणार नाही."

हैबती घोकत निघाला. डावं पाऊल टाकलं की "हाक मारावी". उजवं टाकलं की "'ये' म्हटल्याशिवाय आत नाही". डावं, उजवं, डावं, उजवं. असं करत तो धुळाबाईच्या झापाशी पोचला.

धुळाबाई धनगरीण झऱ्यावर पाण्याला गेली होती. झापाचं दार उघडं होतं. हैबती उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "कुणी आहे का?"

आतून आवाज आला, "बें."

आत एक काळा बोकड होता. त्यानं टोपली उलटी केली होती आणि तो भाकरी खात होता. हैबती विचारात पडला. बोकड 'बें' म्हणाला होता. 'ये' म्हणाला नव्हता. ऐकायला जवळ होतं, पण ते नव्हतं.

"कुणी आहे का?" हैबतीनं पुन्हा विचारलं.

"बें."

भाकरी संपल्या. बोकडानं नाचणीचं पोतं फोडलं. हैबती दारातून म्हणाला, "हे बरं नव्हे." बोकडानं ऐकलं नाही. मग बोकडानं दांडीवरची घोंगडी ओढली आणि तिचा एक कोपरा चावायला घेतला. हैबतीचा जीव तुटत होता. त्यानं दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरली, चुकून पाऊल आत पडू नये म्हणून.

धुळाबाई डोक्यावर हंडा घेऊन आली तेव्हा घोंगडी निम्मी उरली होती.

"अरे देवा," ती म्हणाली. "तू इथं कधीपासून उभा आहेस?"

"भाकरी होत्या तेव्हापासून."

"आणि नुसता बघतोयस?"

"हाक मारली, धुळाबाई. दोनदा मारली. पण बोकड 'ये' म्हणाला नाही."

धुळाबाईनं हंडा खाली ठेवला, काठी उचलली आणि बोकडाला पळवून लावलं. परत आली ती धापा टाकत. हैबतीला तिनं शेरडाचं दूध दिलं, झापाबाहेर गवताचा बिछाना दिला, आणि सकाळी वाट दाखवताना ती काठीही देऊन टाकली.

"नीट ऐक," ती म्हणाली. "झापात कुणी तोंड घालताना दिसलं ना, की 'ये' म्हणायची वाट बघायची नाही, काही नाही. काठी घ्यायची, आरोळी ठोकायची आणि डोंगर उतरेपर्यंत हाकलायचं. समजलं?"

"समजलं. पुढच्या वेळी चुकणार नाही."

आता डाव्या पावलाला "काठी घ्यायची" आणि उजव्याला "डोंगर उतरेपर्यंत हाकलायचं". हैबतीला आज फार हुशारी वाटत होती. काठी हातात असली की माणसाला तसं वाटतंच.

लुमाजीचा झाप डोंगराच्या माथ्यावर होता. लुमाजी कड्याकपारीतल्या पोळ्यांचा मध काढायचा. त्या दिवशी त्याच्याकडे पाहुणे आले होते. त्यांना मध-भाकरी वाढून तो चुलीला फाटी आणायला रानात गेला होता. पाहुणे भुकेले होते. त्यांतले वडीलधारे गृहस्थ मधाच्या वाडग्यावर चांगलेच वाकले होते. भाकरी संपली होती, वाडग्याच्या तळाला थोडा मध उरला होता, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी वाडगं चाटायला घेतलं होतं.

हैबती दारात आला. त्यानं पाहिलं. झापात कुणीतरी तोंड घातलं होतं.

हैबतीनं आरोळी ठोकली. अशी आरोळी त्या माथ्यावर आजवर कुणी ठोकली नव्हती. वाडगं उडालं. पाहुण्यांनी दारात एवढा मोठा मिशीवाला काठी उगारून उभा पाहिला आणि मागच्या कुडातून वाट काढली. पुढे पाहुणे, मागे हैबती. दगड गडगडत होते, पागोटी करवंदीला लटकत होती. पाहुणे डोंगर उतरले तेव्हाच हैबती थांबला. मग तो परत चढून आला आणि झापाच्या दारात काठी टेकून उभा राहिला, शाबासकीची वाट बघत.

लुमाजी फाटी घेऊन आला. त्यानं फुटलेला कूड पाहिला, रिकामा झाप पाहिला.

"माझे पाहुणे कुठं आहेत?"

"हाकलले. डोंगर उतरेपर्यंत."

"सगळे?"

"सगळे. एकजण हळद लागलेला होता. तो सगळ्यांत जोरात पळाला."

लुमाजीनं फाटी खाली टाकली. "अरे, तो नवरदेव. आणि वाडगं घेऊन बसलेले ते त्याचे वडील. तुळाजी पाटील. सांडसवाडीला लग्नाला निघाले होते."

हैबतीचा चेहरा उतरला. काठी हातातून गळाली. तो दारातच बसला आणि एवढा मोठा माणूस, मिशांवरून आसवं ओघळेपर्यंत रडला. "माझ्या हौसेचं लग्न होतं ते," तो म्हणाला. "तिला बाप नाही हो लुमाजी. मीच एक आहे, आणि मीच तिचं लग्न डोंगराखाली हाकललं."

लुमाजीला त्याची दया आली. त्यानं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "उगी. पाटील सांडसवाडीलाच चालले होते, तिकडेच पळाले. लवकर पोचतील, एवढंच. पण एक ध्यानात घे. लग्नाचं माणूस दिसलं की काठी उगारायची नसते. मान खाली घालावी, नम्रपणे त्याचा हात धरावा आणि थेट घरी नेऊन बसवावं. घर येईस्तोवर हात सोडायचा नाही. मग कुणी काही म्हणो. समजलं?"

हैबतीनं डोळे पुसले. "समजलं. आता मेलो तरी चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालूनच डोंगर उतरला. दोन झाडांना आपटला, पण मान वर केली नाही.

सांडसवाडीत मांडव सजला होता. पाटील आदल्या दिवशीच येऊन पोचले होते. मुहूर्ताच्या आधी पोचलेलं वऱ्हाड त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. पाटील जो भेटेल त्याला सांगत होते, "माथ्यावर दरोडेखोर आहे. ताडमाड उंच. या एवढ्या मिशा. आम्ही धैर्यानं निसटलो."

चांगुणा भावाला पाहून धावत आली. "दादा, आलास रे बाबा. हे बघ, हे तुळाजी पाटील, हौसेचे सासरे."

हैबतीची मान आणखी खाली गेली. पाटलांना फक्त पागोट्याचा शेंडा दिसला.

"मामा फार नम्र आहेत," पाटील खूश होऊन म्हणाले. "आजकाल अशी माणसं राहिली नाहीत."

मुहूर्त जवळ आला. नवरदेव कोंडाजी पाटावर उभा राहिला. दोघांनी त्याच्यापुढे अंतरपाट धरला. आत चांगुणानं हौसेला शेवटचं सांगितलं, "हे बघ पोरी, आता मामा नेईल तिकडे जायचं. मान वर करायची नाही. लग्न लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही." हौसेनं मान डोलावली. बोलली नाही. सुरुवात तिथूनच केली.

भटजींनी हाक दिली, "मामा, मुलीला घेऊन या."

हैबती आत गेला. हिरवं लुगडं, कपाळावर मुंडावळ्या, हातभर चुडा. तो भाचीकडे बघत राहिला. आणि मग त्याच्या लख्ख ध्यानात आलं, की हेच ते लग्नाचं माणूस. याहून जास्त लग्नाचं माणूस या मांडवात दुसरं नाही.

त्यानं मान खाली घातली. नम्रपणे हौसेचा हात धरला. आणि थेट घरी निघाला.

त्याचं घर भोरदऱ्याला होतं.

मांडव डाव्या हाताला राहिला. माणसांनी अक्षता उडवल्या, त्या दोघांच्या पाठीवर पडल्या. सनईवाल्यांना नवरीच्या मागे वाजवत जायचं ठाऊक, ते वाजवत मागे निघाले. पाहुणे म्हणाले, आधी देवदर्शनाला नेत असतील, मामाच्या गावची रीत असेल. तेही मागे निघाले. मारुतीचं देऊळ आलं आणि गेलं. वेशीवरचा म्हसोबाही गेला. कुणीतरी म्हणालं, "यांचा देव फार उंचावर दिसतो."

इकडे भटजींचं मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं आलं. अंतरपाट खाली झाला. कोंडाजीनं माळ उचलली आणि समोर पाहिलं. समोर एक कुत्रं बसलं होतं.

कोंडाजी धावला. याच डोंगरावर आदल्या दिवशी तो उतारानं पळाला होता. आता चढानं पळत होता. मागून भटजी, त्यांच्यामागे पाटील, पाटलांच्या मागे आचारी पळी हातात घेऊन.

चांगुणानं त्यांना लुमाजीच्या झापाशी गाठलं. धाप लागून तिला बोलता येईना. "दादा, हात सोड तिचा."

"घर आलं नाही अजून," हैबती जमिनीकडे बघत म्हणाला.

"हौसे, मांडव मागे राहिला. तुला दिसला नाही?"

हौसा गप्प.

"अगं, बोल ना."

हौसेनं मान खाली ठेवूनच हळूच विचारलं, "लग्न लागलं का?"

"नाही ना लागलं."

"मग बोलू कशी?" हौसा म्हणाली, आणि बोलल्याबद्दल जीभ चावली.

चांगुणा दगडावर बसली. "मामावर गेली," ती म्हणाली. "एवढे दिवस मला संशय होता."

भटजी म्हणाले, इथंच लग्न लावू, दुसरा मुहूर्त मी काढतो. पण नवरीचा हात नवरदेवाच्या हातात द्यायचा, तर तो मोकळा पाहिजे. पाटलांनी ओढून पाहिलं. हैबती तसूभर हलला नाही. शेवटी लुमाजी पुढे आला. "बाबा, मीच सांगितलं होतं ना तुला? आता मीच सांगतो, सोड."

"तुम्हीच म्हणालात, कुणी काही म्हणो," हैबती म्हणाला.

लुमाजीनं मधाचं गाडगं काखेत मारलं, दाराला कडी घातली आणि तोही वऱ्हाडात सामील झाला.

मग अख्खं लग्न झापामागून झाप करत डोंगर उतरू लागलं. धुळाबाईनं सगळ्यांना दूध दिलं. बोकडानं अंतरपाट खाल्ला. तिनं लुगड्याचं एक धडकं दिलं अंतरपाटाला आणि म्हणाली, "मीही येते. याचा शेवट काय होतो ते बघायला हवं." धाकू आजा लांबूनच एवढी माणसं बघून झापापुढे आडवा झाला. "छपरावर कुणी नाही झोपायचं," तो म्हणाला. तिथं नवरदेव गाईच्या गोठ्यात बसून भाकरी खात होता आणि पलीकडे मामाच्या शेजारी बसलेल्या नवरीकडे चोरून बघत होता. तीही मान खाली ठेवून, जमेल तेवढं, बघत होती. ती दोघं त्याआधी एकमेकांना कधी दिसलीच नव्हती.

भोरदऱ्यात ठकूची म्हैस व्याली होती. ठकू अंगणात खरवसाचं पातेलं उतरवत होती, तेवढ्यात तिला सनई ऐकू आली. तिला वाटलं, कुणाचं तरी वऱ्हाड चाललंय. मग वऱ्हाड तिच्याच दारात वळलं.

पुढे हैबती. त्याच्या हातात नवरी. मागे काट्यांनी फाटलेले सनईवाले, लंगडणारे भटजी, धुळीनं माखलेला नवरदेव, पळीसकट आचारी आणि पाव डोंगर.

हैबतीनं पाट मांडला. हौसेला नीट त्यावर बसवलं. मग तिचा हात सोडला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"पोचवली," तो म्हणाला.

तुळाजी पाटलांना त्याचा चेहरा दिसला. मिशा दिसल्या. त्यांनी त्याला ओळखलं. पण रागवायला अंगात त्राण लागतं, ते त्यांच्यात उरलं नव्हतं. ते म्हशीच्या शेजारी, गव्हाणीच्या कडेला बसले.

ठकूनं पातेलं खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं. वऱ्हाडाकडे पाहिलं. परत नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "मी तुम्हाला लग्नाला जायला सांगितलं होतं. लग्न घेऊन यायला नाही."

हैबतीचा चेहरा पडला. त्यानं क्षणभर विचार केला. मग त्यानं पागोटं सावरलं, मान खाली घातली आणि हौसेच्या हाताकडे हात नेला.

"मग परत नेऊन पोचवतो," तो म्हणाला.

सगळं वऱ्हाड मटकन खाली बसलं. उभा राहिला तो एकटा कोंडाजी. त्यानं एक उडी मारली, मामाच्या आधी हौसेचा हात पकडला आणि भटजींकडे वळून म्हणाला, "म्हणा लवकर."